चौदा नंबरची हिरवळ

चष्मेताईंनी हिरवळेंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पालथे पडले होते.

इस्पितळासमोरची हिरवळ, सकाळची वेळ, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण माणूस नाक जमिनीला टेकवून निपचित पडलेला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून चालले होते. चष्मेताई तेव्हा ताई झालेल्या नव्हत्या. चष्म्याच्या दुकानात नुकत्याच लागल्या होत्या आणि आजारी मावशीला डबा द्यायला निघाल्या होत्या. त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला आणि धावत जाऊन विचारलं, "अहो, काय होतंय तुम्हाला? कुणाला बोलावू का?"

"काही नको," तो माणूस मान न उचलता म्हणाला. "फक्त जरा सरकता का? तुमची सावली पडतेय."

त्याच्या नाकासमोर पडद्याची एक पितळी कडी पडलेली होती, आणि कडीच्या आतले गवताचे कोंब तो टाचणीच्या टोकाने बाजूला सारून मोजत होता. चष्मेताई सरकल्या. सरकताना त्यांची चप्पल कडीला लागली. कडी हलली, मोजणी फसली, आणि त्या माणसाने अखेर मान वर केली. तो रागावलेला दिसला नाही. डोळे बारीक करून बघत मात्र होता, आणि त्या बघण्यावरून चष्मेताईंनी ओळखलं की याला लांबचं नीट दिसत नाही आणि हे याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

"दुकानात या," त्या म्हणाल्या. "डोळे तपासून देते."

तो गेला. चष्मा तयार झाल्यावर त्याने तो लावून रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर नवं चित्रपटगृह होतं, फुलांचं दुकान होतं, रंगीत कपड्यांतली माणसं होती. तो म्हणाला, "अरेच्चा! बँकेपुढच्या लॉनमध्ये केवढं तण आहे!"

अशा माणसाशी लग्न करायचं का, याचा चष्मेताईंनी पुरेसा विचार केला. मग केलं.

हिरवळे हे त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीतल्या मुलांनी ते ठेवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की नव्या पोस्टमनने एकदा खऱ्या आडनावाचं पाकीट "इथे असं कोणी राहत नाही" म्हणून परत नेलं. शहराच्या कडेला गवत संशोधन केंद्र होतं, तिथे ते नोकरीला होते. लोकांना वाटतं, गवताचं काय संशोधन करायचं? ते आपलं उगवतं, वाढतं, कापलं जातं. हिरवळेंना कोणी असं म्हटलं की ते त्या माणसाला सोडत नसत. घरापुढच्या लॉनला लागणारं गवत वेगळं, झाडाच्या सावलीत तग धरणारं वेगळं, कमी पाण्यावर जगणारं वेगळं आणि खेळाडूंच्या बुटांखाली रोज तुडवलं जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणारं वेगळं. यातलं कुठलं कुठे लावायचं हे ठरवण्यासाठी केंद्रात सतरंज्या अंथरल्यासारखे चौकोनी वाफे होते. प्रत्येक वाफ्यात एक जात. वाफ्यावर जातीचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, कारण नावाला भुलून माणूस पक्षपात करतो. मग रंग, पानाचा पोत, दाटी आणि तुडवणी सोसायची ताकद बघून एक ते नऊमधला आकडा द्यायचा.

या आकड्यांनी चष्मेताईंच्या संसारात बराच धुमाकूळ घातला. एक म्हणजे मेलेलं गवत, सहा म्हणजे चालेल असं, आणि नऊ म्हणजे कोणीही कधी न पाहिलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चष्मेताईंनी हौसेने चहा करून दिला आणि विचारलं, "कसा झालाय?"

"सहा," हिरवळे मनापासून म्हणाले.

दोन दिवस त्यांना स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मापन पद्धत समजावून सांगितली, तेव्हा कुठे अबोला सुटला. पण पुढेही ती खोड गेली नाही. नवा सोफा सात, शेजाऱ्यांचं गाणं तीन, चष्मेताईंच्या भावाचा विनोद दोन. टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला की ते पुढे सरकून बसत. चष्मेताई स्वयंपाकघरातून विचारत, "कोण जिंकतंय?" आणि बाहेरून उत्तर येई, "उजव्या कोपऱ्यात पाणी जास्त दिलंय यांनी."

चष्मेताईंचा भाऊ हा या घरातला दुसरा गवतवाला. त्याचं गालिच्यांचं दुकान होतं आणि गेली काही वर्षं तो प्लॅस्टिकची हिरवळ विकत होता. ती गच्चीवर, दुकानापुढे, जिथे म्हणाल तिथे अंथरून देई. घरात सगळे त्याला मामाच म्हणत. मामा आला की दारातूनच सुरुवात करी.

"काय भावोजी, पाणी घातलंत का आज? माझ्या गवताला नाही लागत हो."

"तुझं गवत वाढतं का?"

"वाढत नाही हीच तर त्याची तारीफ!"

"मग त्याला गवत म्हणू नकोस. सतरंजी म्हण."

"म्हणतो. पण तुमच्या केंद्रातून महिन्याला जेवढे लोक गवत नेतात ना, तेवढे माझ्याकडे सकाळी चहाच्या आधी येऊन जातात."

यावर हिरवळे चष्मा पुसत बसत. चष्मेताई भावाला डोळ्यांनी दटावत आणि मनातून हसत.

त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे छोटी. नाव पाळण्यात असताना पडलं आणि मग ती वाढतच गेली. आता ती बापाहून वीतभर उंच होती आणि मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. शाळेला मैदान होतं, म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती खडे मिसळलेली उघडी माती होती. छोटीच्या फुटबॉल संघातल्या मुलींचे गुडघे वर्षभर सोललेले असत. पालक तक्रार करत. दोघीतिघींना घरच्यांनी खेळातून काढून घेतलं होतं, आणि आणखी तिघीचौघी गेल्या तर संघच उरणार नव्हता. पुढच्या वर्षी मैदानावर गवत आलं नाही तर खेळाचा तो तास बंद करून तिथे मोटारी लावायच्या, असं व्यवस्थापन समितीत बोललं जाऊ लागलं होतं. छोटीने मुख्याध्यापिकांच्या खोलीत उभं राहून शब्द दिला होता, "गवत येईल. माझे वडील निवडून देतील."

असा शब्द देण्याआधी वडिलांना विचारायचं असतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पण हिरवळे मनातून फुलले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आयुष्यभर त्यांनी बँकांपुढच्या, इस्पितळांपुढच्या आणि कारखान्यांपुढच्या हिरवळी सुचवल्या, ज्यांवर 'चालू नये' अशा पाट्या लागल्या. आता पहिल्यांदाच चालायचं, पळायचं, आपटायचं गवत निवडायचं होतं, आणि तेही लेकीसाठी.

निवड सोपी होती, कारण चौदा नंबर होता.

चौदा नंबर ही एका मोठ्या रोपवाटिकेची नवी जात होती. केंद्रात ती तीन वेगवेगळ्या वाफ्यांत लावली होती आणि तिन्हीकडे तिने बाकीच्यांना पाणी पाजलं होतं. तुडवणीसाठी केंद्रात एक लोखंडी पिंप होतं, त्याला बुटांचे खिळे ठोकलेले. ते वाफ्यांवरून फिरवलं की बाकीच्या जाती आठवडाभर तोंड पाडून बसत. चौदा नंबर दोनतीन दिवसांत मान वर काढी. एका संध्याकाळी जेवताना हिरवळे भाताचा घास हातात धरून म्हणाले होते, "आज मी आठ दिला."

चष्मेताईंचा चमचा थांबला. छोटीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कुणाला?" चष्मेताईंनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज किंचित बदलला होता, हे कबूल करायला हवं.

"चौदा नंबरला."

"बरं," चष्मेताई म्हणाल्या. "सुखी राहा म्हणावं तिला."

तर चौदा नंबर ठरला. हिरवळे समितीपुढे बोलले, मुख्याध्यापिकांनी मान डोलावली, रोपवाटिकेला कळवलं गेलं. गालिच्यासारख्या गुंडाळ्या करून तयार हिरवळ येणार होती, सुट्टीत अंथरायची आणि शाळा उघडेपर्यंत ती मूळ धरणार. छोटीने स्पर्धेसाठी संघाचं नावही देऊन टाकलं. मामाने नमुन्याचा प्लॅस्टिकचा तुकडा समितीकडे पाठवून ठेवला होता, पण तो कोणी उलगडूनही पाहिला नाही.

आणि मग केंद्रातलं गवत कापायचं यंत्र बिघडलं.

केंद्रात कापणी फार शिस्तीची. आठवड्यातून दोनदा सगळे वाफे अंगठ्याच्या उंचीवर आणायचे. कुठल्याही गवताला तिथे डोकं वर काढायची मुभा नव्हती. यंत्राचा सुटा भाग येईना म्हणून वाफे वाढले, आणि हिरवळेंना वाढलेले वाफे बघायची मजा वाटू लागली. ते रोज कडेने चक्कर मारत. एका दुपारी ते चौदा नंबरपाशी थांबले, खाली वाकले, मग पालथे पडले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्या दिवशी ते घरी लवकर आले. चष्मेताईंची दुकानाची सुट्टी होती, त्या पडदे धूत होत्या. हिरवळे दारातून आत शिरले, बूट न काढता घरातून सरळ गेले आणि जिना चढून गच्चीवर पोचले. पुसलेल्या फरशीवर मातीचे ठसे. चष्मेताई ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांना जाणवलं की या माणसाने वाटेत आपल्याला पाहिलेलंच नाही. त्या हात पुसत मागोमाग गेल्या.

गच्चीवर पावसाचं पाणी जायच्या पाइपाजवळ एक फट होती. त्या फटीतून वर्षानुवर्षं गवत उगवत असे आणि फरशीवर आडवं पसरत असे. "सगळ्या गावचं तण काढता, आपल्या घरचं तेवढं काढा," असं चष्मेताई अधूनमधून सांगत आणि हिरवळे "रविवारी" म्हणत. आत्ता ते त्या फटीशी पालथे पडले होते. गवताला चार बोटं पसरल्यासारखे तुरे आले होते, आणि हिरवळेंच्या मुठीतही तसेच तुरे होते.

"सापडलं," ते म्हणाले.

"हरवलं काय होतं?"

"चौदा नंबर."

चष्मेताई फरशीवर बसल्या. हिरवळे उठून बसले आणि तुऱ्यांकडे बघत सांगू लागले. दोनेक वर्षांपूर्वी केंद्रातल्या काचघराचं छत बदलत होते, तेव्हा नव्या रोपांचे ट्रे त्यांनी थोडे दिवस घरी आणून गच्चीवर ठेवले होते. चौदाचा ट्रे पाइपाजवळ होता. उन्हाने त्यातली नाजूक रोपं गेली असणार. फटीतल्या गवताचा धुमारा ट्रेच्या कडेवरून आत चढला असणार आणि बघता बघता त्याने ट्रे भरून काढला असणार. हिरवळेंनी पाहिलं तेव्हा ट्रे गच्च हिरवा होता. "चौदाने काय मूळ धरलंय!" असं म्हणून त्यांनीच त्या ट्रेतल्या काड्या तोडून तिन्ही वाफे लावले होते. रोपवाटिकेच्या जातीला असे तुरे येत नाहीत. हे तुरे साध्या हरळीचे होते. वाटेवर, बांधावर, दगडांच्या सांदीत कुठेही उगवते ती हरळी, जी उपटून टाकायला लोक माणसं लावतात.

"म्हणजे तुम्ही आठ दिला तो..."

"या फटीतल्या गवताला."

"अहो, तुमची अक्कल काय चरायला गेली होती?"

"हो," हिरवळे खिन्नपणे म्हणाले. "चौदा नंबरच्या वाफ्यात."

चष्मेताईंना हसू फुटलं. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ते हसू त्यांना आवरावं लागलं. पडद्याची कडी टाकून टाकून यांनी कोंब मोजले, पण कोंब कुणाचे आहेत ते पाहिलं नाही. "तुमचा जवळचा नंबर वाढलाय," त्या म्हणाल्या. "उद्या दुकानात या."

रात्रीच्या जेवणाला नेमका मामा आलेला होता आणि छोटीही शाळेतून थेट आली होती. हिरवळेंनी पहिल्या घासालाच सगळं सांगून टाकलं. मामा आधी खो खो हसला. "गच्चीच्या फटीतलं! भावोजी, तुम्ही खरे शास्त्रज्ञ! ताई, मी सांगतो, त्या फटीला कुंपण घाल, तिकीट लाव."

छोटी हसली नाही. "बाबा, गुंडाळ्या पुढच्या आठवड्यात येतायत."

"त्या थांबवायला लागतील."

"का? त्या तर खऱ्या चौदा नंबरच्याच आहेत ना? रोपवाटिकेत काही गच्ची नाही."

"त्या खऱ्या आहेत. पण मी त्या कधी तपासल्याच नाहीत. तुडवून पाहिल्या नाहीत. माझ्या गच्चीवर तर त्यांना चार दिवसांचं ऊन सोसलं नाही."

"टिकेल की कदाचित."

"कदाचित टिकेल. कदाचित तुझ्या पहिल्याच सामन्यात उखडून येईल."

छोटीने ताट सरकवलं. "मी शब्द दिलाय तिथे. तुमच्या नावावर. आता जाऊन सांगू की माझ्या वडिलांचं गवत चुकलं? ती सगळी उद्याच मोटारींसाठी पांढऱ्या रेघा मारायला घेतील."

इतकी वर्षं चष्मेताई या माणसाला चिडवत आल्या होत्या, पण तो हक्क त्यांचा होता. केंद्रातल्या लोकांनी, समितीतल्या लोकांनी, निवृत्तीच्या समारंभात हार घालणाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरून हसावं, ही कल्पना त्यांना सोसवेना. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, यंत्र दुरुस्त झालं की तुरे कापले जातील. कुणाला कळणार आहे?"

आपण हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

हिरवळेंनी आमटीत भात कालवला. "मुलींच्या गुडघ्यांना कळेल," ते म्हणाले.

मामासुद्धा दुसऱ्यांदा भात न घेता उठला, आणि हे त्या घरात पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

समितीची बैठक शाळेच्या वाचनालयात भरली. लहान मुलींच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुख्याध्यापिका मधोमध, त्यांच्या शेजारी समितीतले दातांचे डॉक्टर, दाराजवळ छोटी, आणि मागे चष्मेताई. त्यांना बोलावलेलं नव्हतं, पण त्या हिरवळेंच्या नव्या चष्म्याची डबी हातात घेऊन अशा काही आल्या होत्या की कोणालाच हटकायचं सुचलं नाही. मामाही आला होता. समितीने त्याचा नमुना आता उलगडला होता आणि तो टेबलावर हिरवागार पडला होता.

हिरवळे उभे राहिले. "मी तुम्हाला सुचवलेली जात," ते म्हणाले, "मी कधी लावलीच नव्हती."

मग त्यांनी फट, ट्रे, पाइप, तुरे सगळं क्रमाने सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं. कुठेही शब्द गिळले नाहीत. तुऱ्यांची जुडी टेबलावर ठेवली.

"हरळी?" डॉक्टर म्हणाले. "अहो, ही मी माझ्या अंगणातून मुळासकट उपटतो!"

"सगळी निघते का?" हिरवळेंनी विचारलं.

डॉक्टर जरा घुटमळले. "छे. दर महिन्याला परत येते. भारी चिवट."

"तेच मी सांगतोय."

कोणीतरी हसलं. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी तुरा उचलून पाहिला. "ही विकत कुठे मिळते?"

"कुठेच नाही. लोक ती टाकून देतात. केंद्रातल्या तीन वाफ्यांतून आणि आमच्या गच्चीवरून काड्या तोडायच्या आणि मैदानात ओळीने खोचायच्या. सुट्टीत लावली तरी मैदान भरायला पुढचा पूर्ण हंगाम जाईल. तोवर त्यावर पाय ठेवायचा नाही."

"म्हणजे खेळ बंद?"

"या मैदानावर बंद."

खोलीत कुजबुज झाली. मुख्याध्यापिका मामाकडे वळल्या. "आणि तुमचं किती दिवसांत होतं?"

मामा उठला. सकाळी दाढी करताना त्याने बोलायची वाक्यं घोकली होती, हे चष्मेताईंना त्याच्या मानेवरून कळत होतं. तो नमुन्यावरून हात फिरवत म्हणाला, "आठवड्यात. एकदम हिरवं, पाणी नको, कापणी नको." मग थांबला. भावोजींकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "पण दुपारी तापतं. उन्हात यावर पडलं तर चटका बसतो. गुडघ्याचं म्हणाल तर... सोलवटतो तो यावरही." आणि खाली बसता बसता पुटपुटला, "भावोजींनी एकदा खरं बोलून ठेवलं की माझी पंचाईत होते."

आता सगळे छोटीकडे बघू लागले. शब्द तिने दिला होता. ती वाचनालयाच्या दाराला टेकून उभी होती आणि बापाकडे न बघता त्या तुऱ्यांच्या जुडीकडे बघत होती. तिने देऊन ठेवलेलं संघाचं नाव, सोडून गेलेल्या मुली, राहिलेल्या मुली, पांढऱ्या रेघा हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना चष्मेताईंना दिसलं.

"एक हंगाम," ती अखेर म्हणाली. "मागच्या फरशीवर सराव घेईन. एकाच हंगामासाठी सगळ्या मुली धरून ठेवेन मी. पण बाबा, पुढच्या हंगामात मैदान हवं. नुसता आकडा नको."

मुख्याध्यापिकांनी समितीला विचारलं. डॉक्टर म्हणाले, जी मला हरवते ती मुलींपुढे काय हरेल, आणि हात वर केला. बाकीच्यांचे हात हळूहळू वर आले. एकाचा आला नाही. त्याची मोटार नवी होती.

त्या सुट्टीत हिरवळेंनी घरातली आणि शाळेतली माणसं जमिनीवर आणली, अगदी शब्दशः. मुली ओळीने गुडघ्यांवर बसून काड्या खोचत होत्या. मामा स्वतःच्या टेम्पोतून केंद्रातले ट्रे आणत होता आणि वाटेत कोणी विचारलं तर "तण आहे" म्हणून सांगत होता. चष्मेताईंनी पदर खोचला आणि पूर्ण दोन ओळी लावल्या. हिरवळे मागून आले, त्यांच्या ओळींकडे वाकून पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"आकडा सांगितलात तर याद राखा," चष्मेताई म्हणाल्या.

हिरवळे पुढच्या ओळीकडे सरकले.

छोटी बापाशी कामापुरतंच बोलत होती. "पाणी चालू करा," "तिकडच्या कोपऱ्यात काड्या कमी पडल्या," एवढंच. फरशीवरच्या सरावात चेंडू कुठेही उडे, आणि संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला. दोन मुली गेल्या. त्या रात्री हिरवळे जेवले नाहीत. चष्मेताईंनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, ताट झाकून ठेवलं. पण सकाळी छोटी स्वतःच आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, चला. मधल्या वर्तुळात पिवळं पडतंय. मला काही कळत नाही त्यातलं." हिरवळे एका पायात चप्पल घालतच बाहेर पडले.

निवृत्तीच्या समारंभात केंद्रप्रमुखांनी भाषणात हरळीचा किस्सा सांगितलाच. सभागृह हसलं. चष्मेताईंनी भीत भीत बाजूला पाहिलं, तर हिरवळे सगळ्यांत मोठ्याने हसत होते. चष्मेताईंना फार हलकं वाटलं, आणि थोडा रागही आला, की आपण उगाच एवढी झोप घालवली.

मैदान भरायला कबूल केल्यापेक्षा थोडा जास्त काळ लागला. एका कोपऱ्यात पाणी साचून पट्टा गेला तो पुन्हा लावावा लागला. गोलपोस्टसमोरची जागा अजून उघडी पडते, दर सुट्टीत तिथे नव्याने काड्या खोचतात. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. तिच्याबरोबर तिची धाकटी बहीणही आली, आणि ती मोठीपेक्षा बरी खेळते असं छोटीचं मत आहे. मोटारी अजून रस्त्यावरच लागतात.

मैदानाच्या फाटकाची किल्ली हिरवळेंकडे असते. गवताला विसावा म्हणून मंगळवारी ते फाटक उघडत नाहीत, मुख्याध्यापिका आल्या तरी नाही.